मंडळींसाठी चमचाभर

बीअरचा ग्लास हातात आला की आप्पा तो आधी कानाला लावायचे.

डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा शर्ट आणि पायजमा, आणि डाव्या कानाशी धरलेला बीअरचा ग्लास. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. कुणी मोबाइल काढून फोटो घ्यायचं. आप्पांचं तिकडं लक्ष नसायचं. डोळे मिटून ते फेसाचा बारीक चुरचुर आवाज ऐकत राहायचे आणि मग ग्लास माझ्याकडं सरकवून म्हणायचे, "ऐका म्याडम, काय म्हणतीया."

पहिल्या वेळी मला काहीच ऐकू आलं नाही. तसं मी सांगितलं.

"गप बसल्याबिगर कसं ऐकू येईल?" आप्पा म्हणाले. "काहिलीत रस तापला, की उकळी फुटायच्या आधी आसाच बोलतो."

केडगावला त्यांच्या घरचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी काहील, तिच्या कडेला त्यांचं बालपण गेलेलं. त्यामुळं जगात कुठंही काही उकळलं, फेसाळलं किंवा नुसतं गरम झालं, तरी आप्पा ते त्या काहिलीशी ताडून बघायचे.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या कारखान्यातही कुणी घेत नसे. हजेरीच्या यंत्राला त्यांचा अंगठा पुरायचा आणि माणसांना 'आप्पा' एवढं पुरायचं.

आमचा कारखाना शिरूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला. लहानच. स्टीलच्या टाक्या बनवायचा. आधी फक्त दुधाच्या. पुढं मोठ्या शहरांतून स्वतःची बीअर स्वतःच बनवणारी हॉटेलं निघायला लागली. तुम्ही पाहिली असतील. काचेच्या भिंतीमागं चकचकीत टाक्या उभ्या असतात आणि लोक त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतात. त्यातल्या काही टाक्या आमच्या. त्या जागेवर नेऊन उभ्या करायच्या, पाइप जोडायचे, वेल्डिंग करायचं, हे आप्पांचं काम. प्रत्येक टाकीतला थंडावा सांभाळणारी विजेची पेटी जोडायची, हे माझं.

माझी ती पहिलीच नोकरी. घर तळेगाव ढमढेऱ्यात, वडिलांची भाजीपाल्याची शेती. बीअरच्या टाक्या, त्यासाठी परगावी जायचं, तेही पुरुषमाणसांबरोबर, हे ऐकून घरात चार दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. शेवटी आप्पाच एका संध्याकाळी मोटरसायकल घेऊन आमच्या दारात आले.

"टाक्या कसल्या?" वडिलांनी विचारलं.

"स्टीलच्या."

"तसं न्हाई. आत काय आसतं?"

"आम्ही बसवतो तवा कायबी नसतं. पाक मोकळ्या आसत्यात."

वडील हसले. ते हसले म्हटल्यावर आई चहा घेऊन बाहेर आली. तिचा प्रश्न वेगळा होता. "लोकांना काय सांगायचं?"

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "दूध सांगा की. दुधाच्या बी बसवतोच आम्ही. खोटं कुठंय त्यात?"

तेव्हापासून आमच्या गावात मी दुधाची इंजिनिअर आहे. अजून आठवडे बाजारात कुणीतरी वडिलांना थांबवून विचारतं, "पोरगीला जरा इचारा, आमच्या म्हशीचं फॅट का लागंना."

टाक्या बसवून झाल्या की लगेच बीअर होत नाही. काही आठवडे जातात. मग पहिला घाणा तयार झाला की सगळं नीट चाललंय का बघायला आमची दुसरी फेरी व्हायची. या दुसऱ्या फेरीची आप्पा सणासारखी वाट बघायचे. पाहुणचार म्हणून ब्रुअर, म्हणजे बीअर बनवणारा माणूस, एका लाकडी फळीवर लहान लहान ग्लास मांडून आणायचा. प्रत्येकात वेगळी बीअर. एक पिवळी, एक लालसर, एक पार काळी.

पहिल्यांदा ती फळी समोर आली तेव्हा आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "चटणी आली, कोशिंबीर आली, लोणचं आलं. ही ताटाची डावी बाजू झाली. जेवान कवा येणार?"

जेवण वेगळं येणार नाही, हेच आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. पुढं आयुष्यभर त्यांनी डाव्या बाजूच्या पुढं कधी पाऊल टाकलं नाही. ती फळी संपली की ग्लास पालथा. हॉटेलचा मालक कितीही आग्रह करो. "नगं. चव कळली. आता आणिक पिऊन काय तीच चव दुसऱ्यांदा कळनार?"

आप्पांना बीअरमधलं फार कळायचं, असं मात्र समजू नका. बऱ्याचदा त्यांचा अंदाज साफ चुकायचा. बंगळुरूला एका ग्लासात धने आहेत म्हणून ते इरेला पेटले. ब्रुअरनं संत्र्याच्या सालीची बरणी आणून दाखवली. आप्पांनी सालीचा वास घेतला, परत ग्लासाचा घेतला. "आसंल," म्हणाले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पर धनेच हायती." गोव्याला कोकम घातलेली बीअर चाखून त्यांनी ती बिघडलेली सोलकढी ठरवली. कडू बीअर तर त्यांना सोसायचीच नाही. "ह्यांनी कडूलिंबाचा पाला उकळलाय," म्हणून तोंड वेंगाडायचे आणि तरी ग्लास संपवायचे, कारण पानात टाकायची सवय नव्हती.

बंगळुरूलाच एकदा हॉटेलच्या दारावर एका धिप्पाड माणसानं त्यांना अडवलं. टोपी चालणार नाही म्हणाला. माझं डोकं फिरलं, मी तावातावानं बोलायला लागले. आप्पांनी मला हातानं थांबवलं. टोपी काढली, नीट घडी घालून खिशात ठेवली, आत गेले, खुर्चीवर बसले आणि टोपी काढून परत डोक्यावर घातली. "भांडून येळ गेला आसता," म्हणाले. "आली का न्हाई टोपी आत?"

चव घेऊन झाली की आप्पांचं एक काम असायचं. पिशवीतून ते लहानशी स्टीलची बाटली काढायचे, झाकण घट्ट लागणारी, आणि ब्रुअरला म्हणायचे, "ह्यातली जी ब्येस हाय ती ह्याच्यात द्या. आमच्या मंडळींना."

मला वाटायचं मंडळी म्हणजे मित्रमंडळी. केडगावात म्हाताऱ्यांचा एखादा अड्डा असेल. आप्पांच्या तोंडी मंडळी म्हणजे त्यांची बायको, हे मला त्यांच्या घरी गेल्यावरच कळलं.

बंगळुरूहून परत येताना मला एकदा ताप आला होता. आप्पा म्हणाले, आज आमच्याकडं थांबा, सकाळी सोडतो. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला अंथरूण घातलं, गरम भात-आमटी दिली. आणि मग आप्पांनी ती बाटली काढून चुलीजवळ ठेवली. काकींनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, एक चमचा आणला, बाटलीतली बीअर त्यात ओतली आणि खोकल्याचं औषध घ्यावं तशी डोळे मिटून घेतली. आप्पा पुढ्यात उकिडवे बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"काय हाय ह्यात?" काकींनी विचारलं.

"आंबा."

"आंबा वाया घालवला." एवढं बोलून त्यांनी चमचा विसळला.

मला हसू आवरेना. काकीही हसल्या. मग आप्पा बाहेर गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. त्यांचा पाठचा भाऊ दारूनं गेला होता. हातभट्टीच्या. काकींचं लग्न तेव्हा नुकतंच झालेलं, आणि नवरा गुऱ्हाळावरचा, जिथं गूळ तिथं भट्टीवाल्यांची ये-जा. काकींनी पहिल्याच दिवाळीत नवऱ्याला सांगितलं होतं, "तुम्ही जे पिशाल, ते मला बी आणायचं. मी बी पिनार. माझ्या तोंडाला लागू नये आसं वाटंल, ते तुम्ही बी प्यायचं न्हाई."

"मला वाटलं, आता काय हे पीत न्हाईत," काकी म्हणाल्या. "बायकूला कोन आणून देतंय? तर ह्यांनी खरंच आणली की. पर नुसती कसलीबसली न्हाई हां. लई वर्सं काय आणलंच न्हाई. ह्या टाक्यांचं काम लागलं तवापासनं आणत्यात."

प्रवासात फेस उडून जायचा. त्या बाटलीतली बीअर केडगावला पोचेपर्यंत पार कोमट होऊन, बसून जायची. त्यामुळं काकींनी देशभरातली बीअर चाखली, पण सगळी बिनफेसाची.

आप्पांना एकच खंत होती. बंगळुरूवाले नाचणी घालतात. गोव्याचे कोकम घालतात. चंदीगडला एकानं आपल्या मोहरीच्या शेतातला मध घातला होता. "जो तो आपल्या घरचं घालतोय. आन् आमचा गूळ?" ते विचारायचे. "दौंड तालुक्यातनं रोज गुळाचे ट्रक जात्यात. यवत, कासुर्डी, केडगाव, कुठंबी थांबा, धूर दिसंल. आन् बीअरीत घालायला कुनाला सुचंना?" ज्या ज्या ब्रुअरशी ओळख व्हायची त्याच्यापुढं ते हे गाऱ्हाणं मांडायचे. बहुतेक जण मान डोलवायचे. पुण्यातला एक तरुण मात्र, त्याच्याही टाक्या आम्हीच बसवल्या होत्या, म्हणाला, "आणा आप्पा. पहिली ढेप तुमची."

आणि मग कोरोना आला.

दुसऱ्या लाटेत आप्पा दौंडच्या दवाखान्यात होते. काकींना आत सोडत नव्हते. त्या बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसून राहायच्या. आप्पा वाचले. कामावर आले तेव्हा शर्ट खांद्यावरून ओघळत होता आणि जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरचे फलक वाचल्यासारखं करायचे. बाकी सगळं होतं तसं. निदान मला तसं वाटलं.

गोव्याला काम निघालं. नवी टाकी आधी औषधानं धुतात. त्या औषधाला व्हिनेगरसारखा झणझणीत वास असतो. तो पूर्ण जाईपर्यंत टाकी पाण्यानं खळबळायची, मग वरचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि खात्री करायची. हे आप्पा स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. त्या दिवशीही त्यांनी झाकण उघडलं, डोकं वाकवून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "झाली. निघाला वास."

मी पलीकडं माझ्या पेटीपाशी होते. तिथं मी नाकाला रुमाल लावून उभी होते.

मला वाटलं चेष्टा करताहेत. "आप्पा, परत बघता का एकदा?"

त्यांनी परत वाकून श्वास घेतला. "कायबी न्हाई." आणि मग त्यांची नजर माझ्या रुमालावर गेली.

त्यांनी झाकण सावकाश लावलं. खाली उतरून हत्यारांच्या पेटीवर बसले. "येतोय व्हय तुला?" त्या आधी ते मला कधी 'तुला' म्हणाले नव्हते.

"येतोय आप्पा."

"आसंल मग."

आम्ही दोघांनी मिळून टाकी पुन्हा धुतली. संध्याकाळी काम संपल्यावर समुद्राच्या कडेच्या कठड्यावर बसलो तेव्हा ते आपण होऊन बोलले. आजारपणापासून वास गेलाय. भाकरी खाल्ली काय आणि पुठ्ठा खाल्ला काय, सारखंच. फक्त गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळतं. काकींना एकदा दूध करपलेलं असताना आप्पा शेजारीच शांत बसलेले दिसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणत्यात. कवा, ते त्यास्नी बी ठावं न्हाई."

मी म्हणाले, कारखान्यात कुणाला कळणार नाही. ते माझ्याकडं बघून हसले. "नोकरीचं काय न्हाई गं. मालकाला मी सांगनारच हाय. उद्या माझ्यामुळं लोकांच्या बीअरीत औषध गेलं तर?" मग म्हणाले, "आता ब्येस कंची हाय ते कसं ठरवू? मंडळींसाठी बाटलीत काय भरू?"

मालकांना त्यांनी खरंच सांगितलं. मालक म्हणाले, "टाक्या काय नाकावर उभ्या राहतात का आप्पा? तुम्ही या कामाला." आणि झाकणात डोकं घालून वास घ्यायचं काम माझ्याकडं आलं.

फळीवरच्या ग्लासांचंही तसंच झालं. ते ग्लास कानाला लावायचे, ऐकायचे आणि माझ्याकडं द्यायचे. मी वास घेऊन सांगायचं. सुरुवातीला मी ब्रुअरच्या तोंडचे शब्द सांगायची. हे फळांसारखं, ते फुलांसारखं.

"कंच्या फळासारखं? फुलं काय एक हायती का?" ते चिडायचे. "नीट सांग. डोळं मिट आन् सांग."

मग मी डोळे मिटून शोधायची. लिंबाचं पान चुरगळल्यावर हाताला येतो तसा. नव्या घोंगडीचा. उन्हात तापलेल्या कडब्याचा. कधी काही सापडायचं नाही, कधी एकदम घरामागच्या वाफ्यात उभी असल्यासारखं वाटायचं. आप्पा ऐकून मान हलवायचे आणि मग एक घोट घ्यायचे. मला खरंच वास घ्यायला शिकवलं ते ज्यांना वास येत नव्हता त्या माणसानं. त्याआधी मी नुसती श्वास घेत होते.

अशातच पुण्याहून त्या तरुणाचा फोन आला. ढेप पोचली, घाणा झाला, बीअर तयार आहे. आप्पा मला म्हणाले, "ह्या टायमाला बाटली न्हाई न्यायची. मंडळींनाच न्यायचं."

काकी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. दुपारची वेळ, हॉटेलात फारसं कुणी नव्हतं. उंच खुर्चीवर बसायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून त्या पोरानं आमच्यासाठी कोपऱ्यातला सोफा मोकळा केला. तीन ग्लास आले. तांबूस रंग, वर जाड फेस.

काकी दचकल्या. "ह्याला फेस कसला आलाय? नासली का काय?"

"आगं, हीच चांगली. घरी येत हुती ती मेलेली."

"मग इतके दिस मला मेलेली पाजली व्हय?"

तो तरुण हसून हसून खाली बसला. आप्पांनी ग्लास कानाला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग नाकाशी नेला. मला माहीत होतं, काकींना माहीत होतं. त्यांनी लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. ग्लास खाली ठेवला आणि काकींकडं सरकवला. "तू सांग."

काकींनी आजूबाजूला पाहिलं. चमचा नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास उचलला आणि वास घेतला. डोळे मिटून घेतले.

"काहिलीच्या कडंचा हाय," त्या म्हणाल्या. "कडंला धरतो न्हाई का, करपत आलेला, तांबडा. आत्याबाई खुरपीनं खरवडून उसाच्या पाल्यावर द्यायच्या. मी नवी हुते तवा. सगळ्या बायांच्या आधी मला द्यायच्या." आणि मग पुन्हा वास घेऊन, "धुराचा बी हाय वाईच. चिपाडाच्या."

आप्पा ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही. "आत्याबाई म्हंजी माझी आई," ते त्या पोराला म्हणाले, जणू तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

मग काकींनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आगं बया. ग्वाड न्हाई! वासात गूळ हाय आन् चवीत न्हाई. गोडी गेली कुठं?"

तरुणानं समजावलं, यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं, मागं वास राहतो. काकींनी त्या गोष्टीवर विचार केला. "खाऊ दे. आपलाच खाल्ला."

आप्पांनी आपला ग्लास उचलून एक घोट घेतला. "मला निस्ती कडू लागतीया," म्हणाले. "हिला वास, मला कडू. झाली वाटणी." आणि दोघंही हसायला लागले, तोंडावर हात धरून, शाळेत बाकावर मागं बसलेल्या पोरांसारखे.

त्यानंतर किती महिने गेले ते आठवत नाही. एका सकाळी मी डबा भरत होते आणि आप्पांचा फोन आला. आवाज इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"पोरी! मळीचा वास आला!"

साखर कारखान्याच्या मळीचा वास तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको, आणि माहीत नसेल तर सुखी आहात. वाऱ्याची दिशा बदलली की अख्खं गाव खिडक्या लावून घेतं. आप्पा ओट्यावर उभे राहून तो छाती भरून घेत होते. "लई घाण येतोय," ते आनंदानं ओरडत होते. "लई म्हंजी लईच!" मागून काकी म्हणत होत्या, अवो आत या, लोक बघत्यात.

वास परत आले ते असे उलट्या बाजूनं. आधी मळी, मग जळकं रबर, मग तंबाखू, लसूण. कामावर आले की मला रोज सांगायचे, आज काय आलं. गुळाचा मात्र येत नव्हता. सुट्टीच्या दिवशी ते गुऱ्हाळावर जाऊन काहिलीच्या वाफेत उभे राहायचे. सोमवारी मी नुसती नजरेनं विचारायची आणि ते मान हलवायचे. "येईल. घाई काय हाय?"

तेवढा वेळ मिळाला नाही. एका सकाळी शेतावर पाण्याची मोटर चालू करून ते बांधावर बसले आणि तिथंच गेले. मोटर दुपारपर्यंत चालू होती. पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं, तेव्हा शेजारी बघायला आला.

दहाव्याला आमचा सगळा कारखाना केडगावला गेला होता. मी नंतर पुन्हा एकदा एकटीच गेले. काकी धान्य निवडत होत्या. मला चहा दिला. जाताना विचारलं, "आता कुठं काम काढलंय?"

"गोव्याला, काकी. पुढच्या आठवड्यात."

त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "मी आले तर चालंल का?"

मी कारखान्यात विचारलं. मालक म्हणाले, घेऊन जा.

आम्ही दौंडहून गाडी पकडली. आप्पांबरोबर मी गोव्याला नेहमी दौंडहूनच जायची. आणि बंगळुरूला जायचं असेल तर पुण्याहून. मला हे कायम उलटं वाटायचं. गोव्याची गाडी दौंडहून पुण्यालाच जाते, मग आम्ही सरळ पुण्याला का चढत नाही? बंगळुरूची गाडी पुण्याहून दौंडलाच येते, मग दौंडला का नाही? विचारलं की आप्पा म्हणायचे, "तिथं जागा मिळती." आरक्षण असताना जागेचा प्रश्न कुठून येतो, हे मी कधी पुढं विचारलं नाही.

काकी खिडकीशी बसल्या. मांडीवर भाकरीचं गाठोडं. पाटस गेलं. त्या एकदम पुढं सरकल्या आणि गजाला धरलं.

"आता आपलं येनार."

गाडी केडगावला थांबत नव्हती. ऊस, मग एक विहीर, मग रुळापासून थोडं आत एक पत्र्याचं घर, दारात दोरीवर वाळत घातलेली गोधडी. क्षणभरच दिसलं.

"घर आपलं," काकी म्हणाल्या. "केवढंसं दिसतंय."

स्टेशनही मागं पडलं. त्या अजून मागं वळून बघत होत्या.

"ह्यांची गाडी जायच्या टायमाला मी ओट्यावर हुबी ऱ्हायची. डबा कंचा ते कळायचं न्हाई. मग सगळ्याच डब्यांना हात करायची." त्या जरा लाजल्या. "कवा सांगितलं न्हाई ह्यांना. हसलं आसतं. दिसत आसंल का गं?"

मला आठवलं. गाडी पाटसच्या पुढं निघाली की आप्पा उठायचे, वारा खाऊन येतो म्हणून दाराशी जाऊन उभे राहायचे. बंगळुरूला जाताना हेच यवतनंतर. परत जागेवर आले की टोपी हातात असायची.

"दिसायच्या, काकी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. यवत गेलं, उरुळी गेलं. मग त्यांनी गाठोडं सोडलं, एक भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि आपली तशीच मांडीवर ठेवून बाहेर बघत राहिल्या.